जाड ठशातले शब्द

माझा भाऊ ऑगी हुडाक आमच्या गावच्या शाळेच्या बॉयलरखोलीत पडला, तेव्हा मी त्याच शाळेची बस घेऊन डोंगराच्या पलीकडे होते. जानेवारीचा तिसरा आठवडा. रस्त्यावर मीठ टाकलेलं, बसमध्ये एकतीस मुलं. रेडिओवर डेपोतली बाई म्हणाली, "डार्लीन, मुलं उतरवलीस की थेट हॉस्पिटलला जा." का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आधी मुलं उतरव."

मेंदूत गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वय त्रेसष्ट. पेन्सिल्व्हेनियाच्या या डोंगराळ कोपऱ्यात थंडी कशी असते ते मी सांगायला नको. त्या थंडीत चौतीस वर्षं माझ्या भावाने शाळेच्या तीन इमारती उबदार ठेवल्या. त्याच्या पगारातून दर पंधरवड्याला इन्शुरन्सचे पैसे कापून जात होते. आम्ही सगळे शाळेचे नोकर एकाच कंपनीच्या एकाच योजनेत. पैसे कापले जातात म्हणजे आपण सुरक्षित आहोत, एवढंच आम्हांला ठाऊक होतं.

ऑगीची बायको बर्नाडेट. सगळे तिला बर्नी म्हणतात. लग्नाचे पोशाख मापात बसवून द्यायचं तिचं काम. आमच्या गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या टाचण्यांखालून गेल्यात. आवाज इतका बारीक की चर्चमध्ये पाद्रीसुद्धा तिला म्हणतात, "काय म्हणालीस, पुन्हा सांग." मी तिच्या अगदी उलट. सव्वीस वर्षं बस चालवतेय, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. ऑगी चेष्टेने म्हणायचा, "एक बहीण भोंगा आणि बायको मांजर, मधल्या मध्ये मी."

आठ दिवसांनी त्याला पुनर्वसनाच्या रुग्णालयात हलवलं. तिथे माणसाला पुन्हा गिळायला, बोलायला, चालायला शिकवतात. रोज तीन तास कसरत. डेव्हॉन नावाचा एक दांडगा, शांत फिजिओथेरपिस्ट त्याच्यामागे उभा राहायचा. दोन आडव्या दांड्यांच्या मधून ऑगीने पहिल्या दिवशी दोन पावलं टाकली. बाराव्या दिवशी, सोमवारी, अकरा टाकली. बर्नीने ती बोटांवर मोजली आणि मग दोन्ही हात तोंडावर ठेवून भिंतीकडे वळली.

मंगळवारी त्या मजल्यावर उलट्यांची साथ आली. ऑगी दिवसभर बादली धरून पडला होता. बुधवारी उठला, पांढराफटक, आणि तरी अकरा पावलं चालला. डेव्हॉन म्हणाला, "अशा अवस्थेत अकरा म्हणजे सोमवारच्या वीस."

गुरुवारी सकाळी रुग्णालयाच्या कार्यालयातली एक बाई खोलीत आली. तिने बर्नीच्या हातात पत्र दिलं आणि आमच्याकडे न बघताच निघून गेली. मी वाचलं. 'नोंदींनुसार सोमवार व बुधवार यांदरम्यान सदस्याच्या क्षमतेत वाढ झालेली नाही. प्रगती थांबली आहे. यापुढील सेवा हे कुशल उपचार नसून केवळ सांभाळ आहे व ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही. रविवारी मध्यरात्रीनंतरचा खर्च दिला जाणार नाही.' खाली सही होती: जी. फार्नहॅम, सदस्य साहाय्य.

सांभाळ. शेजारची मांजर सुट्टीत सांभाळतात. घामाने भिजून, दात खाऊन चालायला शिकणाऱ्या माझ्या भावाला ते 'सांभाळ' म्हणत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिथूनच फोन लावला. पस्तीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक पोरगा फोनवर आला. मी त्याला सगळं सांगितलं, उलट्यांचं, बादलीचं, अकराचं. तो म्हणाला, "तुमची अडचण मी समजू शकतो."

"तू काय समजणार रे? मंगळवारी तो ओकत होता. कुणी पाहिलं का ते?"

"मॅडम, निर्णय आमच्या वैद्यकीय विभागाने घेतलाय."

"मग त्या विभागाला फोनवर बोलाव."

"सदस्यांना थेट बोलता येत नाही, मॅडम."

यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. नर्सने दार लावून घेतलं. शेवटी बर्नीने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिच्या त्या बारीक आवाजात विचारलं, "मला एवढंच सांगा. 'सांभाळ' याचा अर्थ तुमच्याकडे काय लिहिलाय?"

"ते योजनेच्या पुस्तकात असतं, मॅडम."

"आमच्याकडे चार पानांचं आहे. त्यात नाही."

"तो सारांश. पूर्ण पुस्तक वेगळं असतं. लेखी मागणी केली की पोस्टाने येईल."

तिने त्याच दुपारी मागणीचं पत्र टाकलं. मला त्या वेळी ते अगदी खुळेपणाचं वाटलं. घर पेटलंय आणि ही विहिरीचा नकाशा मागवतेय.

शुक्रवारी तिथल्या मुख्य डॉक्टर लिंडक्विस्ट बाईंनी कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलण्याची वेळ मिळवली. सात मिनिटांत त्या बाहेर आल्या. मान लाल झाली होती. म्हणाल्या, "तो त्वचारोगाचा डॉक्टर आहे."

"कसला?" मी विचारलं.

"त्वचेचा. त्याच्यासमोर आमची नोंद उघडलेलीसुद्धा नव्हती. मी उलट्यांचं सांगितलं तर म्हणाला, कारण काहीही असो, आकडा वाढलेला नाही."

त्यांनी तातडीचं अपील केलं. सोमवारी सकाळी त्याचं उत्तर आलं: पहिला निर्णय कायम. सही पुन्हा जी. फार्नहॅम. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच निवाडा दिला होता. तिथे राहायचं तर दिवसाला एकवीसशे डॉलर भरावे लागणार होते. सोमवारी दुपारी ऑगीला आम्ही घरी आणलं. डेव्हॉनने त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि तो आत गेला. ऑगी काचेतून त्याच्या पाठीकडे बघत राहिला. बोलता येत नसलं तरी त्याला सगळं कळत होतं. आपण कमी पडलो म्हणून आपल्याला काढलं, असं त्याला वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याबद्दल मी त्या कंपनीला कधीच क्षमा करणार नाही.

घरात न्हाणीघर वर, जिना अरुंद. जेवणाच्या खोलीत भाड्याचा पलंग लावला, बर्नीचं शिवणाचं टेबल स्वयंपाकघरात गेलं. आठवड्यातून दोनदा एक बाई पाऊण तासासाठी व्यायाम घ्यायला यायची. सकाळची फेरी संपली की मी जायचे. आम्ही दोघी मिळून त्याला उभं करायचो. बर्नी त्याच्या खांद्याएवढी. पहिल्या आठवड्यात तो सहा पावलं चालला, दुसऱ्यात चार. तिसऱ्यात आम्ही मोजायचं सोडून दिलं.

योजनेचं पुस्तक मागणी केल्यापासून अकराव्या दिवशी आलं होतं. एकशे चौसष्ट पानं, अक्षर मुंगीएवढं.

शनिवारी दुपारी मी गेले तर बर्नी ते टेबलावर उघडून बसली होती. शेजारी शिवणाची मोठी भिंगाची काच, पेन्सिल आणि टाचण्यांची डबी. काही पानांना चक्क टाचण्या लावल्या होत्या.

"हे बघ," ती म्हणाली. "काही शब्द जाड ठशात आहेत. आधी मला वाटलं, महत्त्वाचे म्हणून. तसं नाही. जाड ठशातला शब्द म्हणजे तो आपला नाही, त्यांचा. त्याचा अर्थ मागच्या पानांत त्यांनी ठरवलाय. कापडाच्या नमुन्यावर खुणा असतात ना, तसं. खूण न कळता कापलं की कापड वाया."

"मग आपण किती कापड वाया घालवलं?"

"डिडक्टिबल म्हणजे काय, सांग."

"ते आपल्याला परत मिळतं."

"मलाही तसंच वाटायचं. नाही मिळत. वर्षाच्या सुरुवातीला एका आकड्यापर्यंत सगळं आपल्याच खिशातून. तो आकडा संपला की कंपनी येते."

"आणि उरलेलं सगळं भरते."

"नाही. मग वाटणी सुरू होते. शंभरातले वीस आपले, ऐंशी त्यांचे. तेही एका सीमेपर्यंत. ती गाठली की वर्षभर आपल्याला काही नाही. पण हे सगळं फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांसाठी. यालाच ते नेटवर्क म्हणतात. ऑगीला नेलं ती ॲम्ब्युलन्स यादीत नव्हती. तिचं बिल वेगळं, ते सीमेत धरणार नाहीत."

"बॉयलरपाशी पडलेल्या माणसाने ॲम्ब्युलन्सला विचारायचं होतं की बाई, तू यादीत आहेस का?"

बर्नी हसली नाही. तिने टाचणी लावलेलं पान उघडलं. सत्त्याऐंशीवं. बोटाने ओळ दाखवली आणि हळू वाचली. "'कुशल उपचार: प्रशिक्षित व्यक्तीने द्यावयाचे असे उपचार, जे सदस्याची क्षमता सुधारण्यासाठी, किंवा असलेली क्षमता टिकवण्यासाठी, किंवा ती गमावली जाऊ नये यासाठी आवश्यक आहेत.'" मग माझ्याकडे बघितलं. "टिकवण्यासाठी, डार्लीन. गमावली जाऊ नये यासाठी. रोज वाढलंच पाहिजे असं कुठेच नाही. सगळं पुस्तक दोनदा वाचलं मी. 'प्रगती थांबली' हा शब्द यात कुठेच नाही. तो त्यांनी बाहेरून आणला."

पलीकडच्या खोलीत ऑगीच्या घशातून खरखर येत होती. मी तिला म्हटलं, हे त्या सोमवारी आपल्या हातात असतं तर. ती म्हणाली, "म्हणूनच ते मागितल्याशिवाय देत नाहीत."

दुसऱ्या नकारपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कंपनीबाहेरच्या तटस्थ डॉक्टरांकडे दाद मागता येते. बर्नीने एका पानाचं पत्र लिहिलं. त्यात आरडाओरडा नव्हता, देवाची आण नव्हती. चौदा दिवसांच्या पावलांचे आकडे, मंगळवारची नर्सची नोंद, सत्त्याऐंशीव्या पानावरची ओळ आणि एक प्रश्न: घरी आल्यावर क्षमता गेली, म्हणजे ती टिकवायला उपचार लागत होता की नाही? डॉक्टर लिंडक्विस्टनी दोन पानं जोडली.

उत्तराची वाट बघत असतानाच ऑगीला अन्नाचा कण फुप्फुसात जाऊन न्युमोनिया झाला. गिळायला शिकवणारी बाई त्याला रुग्णालयात रोज मिळत होती, घरी एकदाही मिळाली नाही. सहा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. त्या सहा दिवसांचं बिल पुनर्वसनाच्या महिन्याभराहून मोठं होतं आणि कंपनीने ते मुकाट्याने भरलं. पूर्वपरवानगी नाही, त्वचेचा डॉक्टर नाही, काही नाही. मी तो कागद हातात घेऊन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसले. माणूस मरायला टेकला की ते पैसे देतात. तो उभा राहत असतो तेव्हा देत नाहीत.

बर्नीचं पत्र गेल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी तटस्थ डॉक्टरांचा निकाल आला. कंपनी चुकली होती. त्यांनी अगदी बर्नीचीच ओळ उद्धृत केली होती. एकवीस दिवसांचं पुनर्वसन मंजूर.

मी गाडीचा भोंगा वाजवत त्यांच्या घरी गेले; ऑगी तोवर घरी परतला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही ऑगीला तपासणीसाठी त्याच रुग्णालयात नेलं. डॉक्टर लिंडक्विस्टनी त्याला अर्धा तास पाहिलं. मग खुर्ची ओढून बर्नीच्या समोर बसल्या.

"मी त्याला घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "इथे रोज तीन तास कसरत झेपावी लागते. जानेवारीत त्याला झेपत होती. आता तो वीस मिनिटंही बसू शकत नाही. त्याला आधी कमी कसरतीच्या ठिकाणी, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना ठेवतात त्या नर्सिंग होममध्ये, रोज तासभर असं सुरू करायला हवं."

"मग हे एकवीस दिवस तिथे द्या."

"मी कंपनीला विचारलं. ते म्हणतात, मंजुरी फक्त या पातळीची आहे. तिथल्यासाठी नव्याने परवानगी मागा. आणि एकवीस दिवसांत वापरले नाहीत तर हे दिवस रद्द."

बर्नीने मान हलवली, कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवले. बाहेर गाडीपाशी आल्यावर ती थांबली. तिने मुठीने गाडीच्या टपावर दोनदा मारलं आणि तोंडातून असा शब्द काढला, जो मी बस डेपोतसुद्धा क्वचित ऐकलाय. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या ऑगीने डोकं वर करून तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तो तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"डार्लीन," ती म्हणाली, "उद्या सुट्टी काढ. मला त्या फार्नहॅमला भेटायचंय."

कंपनीचं विभागीय कार्यालय दोन तासांवर. ऑगीला माझ्या नवऱ्यापाशी ठेवून आम्ही निघालो. वाटेत बर्नीने बजावलं, "तू बोलायचं नाहीस. तू बोललीस की ते तुझ्या आवाजाबद्दल बोलतात. माझ्या कागदाबद्दल बोलत नाहीत."

काचेचं दार, गुळगुळीत फरशी, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. स्वागताला बसलेल्या मुलीला बर्नी म्हणाली, "मला जी. फार्नहॅमना भेटायचंय."

मुलीने संगणकात पाहिलं. "त्या नावाचं इथे कुणी नाही."

बर्नीने दोन्ही पत्रं पुढे केली.

"अच्छा, हे," मुलगी म्हणाली. "ते कुणाचं नाव नाही. त्या विभागाच्या सगळ्या पत्रांवर तेच येतं."

"म्हणजे असा माणूसच नाही?"

"कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आहे ते, मॅडम."

"मग माझ्या नवऱ्याला घरी कुणी पाठवलं?"

मुलीने पत्रं परत दिली. वाईट पोरगी नव्हती ती. बावीस-तेवीसची असेल. म्हणाली, "मी एक तक्रार नोंदवून देऊ का?"

"नको. माणूस येईपर्यंत मी बसते."

आणि ती बसली. पिशवीतून तिने काम काढलं. मे महिन्यात चर्चमध्ये लहान मुलींचा पहिला पवित्र भोज, म्हणजे कम्युनियन, असतो, त्यातल्या एकीच्या पांढऱ्या झग्याची किनार शिवायची होती. तो सगळा पांढरा घेर त्या गुळगुळीत दालनात पसरला. सुरक्षारक्षक दोनदा जवळ आला, झग्याकडे पाहून परत गेला. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. चार तास. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते.

तीन वाजता एक माणूस खाली आला. नाव क्लेटन ओग्डन, कुठल्याशा विभागाचा प्रमुख. हात पुढे करून म्हणाला, "तुम्हांला आलेल्या अनुभवाबद्दल मला खेद वाटतो."

"अनुभव मला नाही आला," बर्नी म्हणाली. "माझ्या नवऱ्याला आला. बसा. हे पान वाचा."

"मिसेस हुडाक, तुमच्या बाजूने निकाल लागलाय, मी पाहिलं—"

"मोठ्याने वाचा."

त्याने सत्त्याऐंशीवं पान वाचलं. मोठ्याने.

"यात रोज सुधारणा झालीच पाहिजे अशी अट आहे?"

"नाही."

"तुमच्या डॉक्टरांनी हे पान वाचलं होतं?"

"ते मी सांगू शकत नाही."

"माहीत नाही म्हणून, की माहीत आहे म्हणून?"

त्याने टाय सैल केला. बर्नीने दुसरी टाचणी काढली. "आता एकशे बारा. जाड ठशात आहे. 'कमी खर्चाची पर्यायी जागा.' वाचा."

तो वाचायला लागला आणि मध्येच त्याचा आवाज उतरला. सदस्याच्या डॉक्टरांनी सुचवल्यास आधी मंजूर झालेले दिवस कमी खर्चाच्या ठिकाणी वापरता येतील, नव्या परवानगीची गरज नाही, असं त्यात स्पष्ट होतं. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं. जे पुस्तक दाखवून ते आम्हांला नाही म्हणत होते, ते त्यांच्यातल्या कुणीच वाचलेलं नव्हतं.

"मला वर विचारावं लागेल," तो म्हणाला.

"विचारा. माझी अजून अर्धी किनार राहिलीय."

चाळीस मिनिटांनी तो मंजुरीचा कागद घेऊन आला. बर्नीने सगळा वाचला, भिंगाने, एकेक ओळ. मग म्हणाली, "खाली तुमचं नाव घाला. खरं."

त्याने घातलं.

ऑगीला एकवीस दिवस काउंटीच्या सरकारी नर्सिंग होममध्ये मिळाले. तिथून तो वॉकर धरून बाहेर आला. जूनपर्यंत पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत एकटा जायला लागला. मऊ अन्न गिळतो. सात-आठ शब्द बोलतो, त्यातले दोन सभ्य नाहीत. उजवा हात मात्र मांडीवर रिकाम्या मोज्यासारखा पडलेला असतो. बॉयलरखोलीत आता दुसरा माणूस आहे.

उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत मला डेव्हॉन भेटला. मी सरळ विचारलं, "फेब्रुवारीत तो तिथेच राहिला असता तर?"

"मला यावर बोलायची परवानगी नाही," तो म्हणाला. मग हातातला पिरोगीचा, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा बाकावर ठेवला. "पहिले तीन महिने. मेंदू जे शिकायचं ते बहुतेक तेव्हाच शिकतो. आम्ही त्याला तेव्हाच घरी पाठवलं. तो काठी घेऊन चालला असता असं मला वाटतं. हाताचं सांगता येत नाही." मग म्हणाला, "त्या बुधवारी मी वहीत नुसतं अकरा लिहायला नको होतं." मी त्याला म्हटलं की तुझा काही दोष नाही. तो हो म्हणाला, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. ज्यांनी हे केलं ते निवांत झोपतात आणि वही भरणारा पोरगा स्वतःला खातो.

लोक मला म्हणतात, शेवटी जिंकलात ना. मी त्यांना म्हणते, माझ्या भावाशी हात मिळवून ये आणि मग सांग.

ऑक्टोबरात पुढच्या वर्षाची योजना आली. आता बर्नी दर वर्षीचं मोठं पुस्तक मागवून घेणार हे उघडच होतं. तिने जुनं आणि नवं शेजारी ठेवून एकेक पान लावून पाहिलं, जसे झग्याचे दोन भाग शिवणीवर जुळवून बघतात. कुशल उपचाराच्या व्याख्येतून एक तुकडा गेला होता. 'टिकवण्यासाठी' नाही, 'गमावली जाऊ नये' नाही. नुसतं 'सुधारण्यासाठी'. आम्हांला हरवता आलं नाही म्हणून त्यांनी शब्दच बदलला होता.

शाळेच्या नोकरांच्या संघटनेची सभा अग्निशामक दलाच्या सभागृहात होती. शाळेशी होणाऱ्या नव्या करारावर मत द्यायचं होतं, आणि इन्शुरन्सची योजना त्या करारातच होती. दीडशे माणसं, बहुतेक ओव्हरटाइमबद्दल भांडायला आलेली. बर्नीने दोन्ही पुस्तकं माझ्या हातात दिली. "तुझा आवाज मोठा आहे. तू वाच."

"नाही," मी म्हटलं. "तू वाच. आम्ही गप्प बसतो."

ती उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही." मग कुणीतरी उठून हवा गरम करणारा मोठा पंखा बंद केला. तिने जुनी ओळ वाचली, नवी ओळ वाचली, आणि पावलांचे आकडे सांगितले. दोन, अकरा, उलट्या, अकरा. घरी सहा. घरी चार. त्यानंतर ती खाली बसली. तिने कुणाला काही करायला सांगितलं नाही. थंड होणाऱ्या पंख्याचा पत्रा कडकडत होता. आणि मग शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक बाई उठली आणि म्हणाली, माझ्या मुलाच्या बोलण्याच्या उपचारांना यांनी हेच लिहून नकार दिला. मग आणखी एक जण उठला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. चेहरे लालबुंद झाले. ओव्हरटाइमचा विषय निघालाच नाही. ती ओळ परत आल्याशिवाय करारावर सही नाही, असं मत पडलं. विरोधात चार हात.

कंपनीने दहा आठवडे रेटून पाहिलं. जानेवारीच्या शेवटी एका पानाची पुरवणी आली. जुने शब्द परत घातले होते. कारण दिलं होतं: 'छपाईतील सुधारणा'.

मी तो कागद घेऊन भावाकडे गेले. ऑगीने तो डाव्या हातात धरला आणि बराच वेळ पाहिला. वाचला की नुसता पाहिला, मला सांगता येत नाही. मग टेबलावर उलटा ठेवला आणि भूक लागल्याची खूण केली. बर्नीने हलुश्की वाढली, कणकेच्या मऊ पट्ट्या आणि बारीक केलेली कोबी, लोण्यात परतलेली. एकेक घास गिळून होईपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघत होती, आणि हात तिचा चमच्यापाशी तयार होता. माझ्यापुढे ताटली ठेवून म्हणाली, "खा, गार होतंय." मी उलटा ठेवलेला तो कागद सरळ केला आणि 'छपाईतील सुधारणा' पुन्हा वाचलं. मी म्हटलं, खाते थोड्या वेळाने.